‘पाचोळा’ वाचणाऱ्या विद्यार्थिनीस

परभणी

चि.,
अनेक आशीर्वाद.

‘पाचोळा’ या कादंबरीवरचं तुझं टिपण वाचलं. पार्वती सोशिक, तिचा शिंपी नवरा गंगाराम ताठ, गरिबीचं चित्रण प्रभावी; यातलं काहीच चूक नाही. पण बोलीचा मुद्दा तू शेवटी ‘भाषाशैली’ म्हणून दोन ओळींत उरकलास, याचं मला वाईट वाटलं. तो उचल आणि सगळ्यात आधी घे. पार्वती आपल्याला कळते ती तिच्या बोलण्यातूनच.

रा. रं. बोराडे लातूरकडच्या काटगावचे. १९७१ साली ही कादंबरी आली. बोलीतले संवाद मराठीला नवे नव्हते. पण पात्रं बोलीत बोलायची आणि लेखक मात्र बहुतेक वेळा प्रमाण मराठीत त्यांच्याबद्दल सांगायचा. बोराड्यांनी सगळं निवेदनच शिंप्याच्या बायकोच्या, म्हणजे पार्वतीच्या हाती दिलं. त्यामुळं तिच्या डोक्यावर उभं राहून ‘बिचारी’ म्हणणारा शिकलेला माणूस कादंबरीत उरतच नाही. मला ही त्यांची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

आता पुढचं बघ. बाई घरात आहे. गावात, चारचौघांत नवऱ्याचं काय झालं ते तिला कुणाच्या तरी तोंडून कळणार, किंवा तो घरी आल्यावर त्याच्या चेहऱ्यावरून. त्याचा मानीपणा बाहेरच्यांना रुबाब वाटेल. तिला त्याची किंमत चुलीपाशी मोजावी लागते. म्हणजे निवेदक कोण हे ठरलं, तिथंच कादंबरीचा आशयही ठरला. स्वाभिमान एकाचा आणि वाताहत सगळ्या घराची, हे बोराड्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. तू मात्र ‘आशय’ आणि ‘तंत्र’ अशी दोन प्रकरणं पाडलीस.

एक काम कर. कुठलंही एक पान घे आणि ते तृतीयपुरुषी, प्रमाण मराठीत लिहून काढ. मग तेच पान गंगारामच्या तोंडून लिही. दुसऱ्या वेळी तुझी जास्त दमछाक होईल, कारण पार्वती त्याच्यावर जितकी चिडते तितकीच त्याला सांभाळूनही घेते, आणि त्याच्या तोंडी ते सांभाळणं कुठं ठेवावं हेच कळणार नाही. शिवाय ती नवऱ्याचा उल्लेख कसा करते, कधी टाळते, हेही टिपत जा. आपल्याकडच्या बायकांचं बोलणं तू लहानपणापासून ऐकत आलीस. तो कान परीक्षेपुरता बाजूला ठेवू नकोस.

जमलं तर भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरीही काढ. तिथंही ‘मी’च बोलतो, पण तिच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकरचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ कुठल्याच गोष्टीला पक्कं धरू देत नाही. पार्वतीला तशी सवड नाही. तिचं वाक्य संसाराला धरून असतं. दोघांची एकेक पानं शेजारी ठेवून मोठ्यानं वाच.

टिपण आत्ताच दुरुस्त करू नकोस. ती दोन पानं आधी पाठव, आणि लिहिताना जिथं अडलीस तिथं पेन्सिलीनं खूण कर. आपण त्या खुणांवरच बोलू.

तुझे,
सर