क्वचित लागणारा पेट्रोल जनरेटर ऐन वेळी सुरू होत नाही, कार्बोरेटर बदलावा का?

तुमचा प्रश्न असा: नागपूरच्या मानेवाड्यातल्या घरी 2 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आहे, वर्षातून चार-पाचदाच लागतो, पण लागतो तेव्हा खांदा दुखेपर्यंत दोरी ओढूनही सुरू होत नाही. मेकॅनिक आता कार्बोरेटरच (इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) नवीन टाका म्हणतो. तर बदलावा का, पुढे काय काळजी घ्यावी, आणि जिन्याखाली कोल्ड्रिंकच्या दोन प्लास्टिक बाटल्यांत पेट्रोल साठवलंय ते चालतं का?

बहुतेक बदलावा लागणार नाही. खराब झालंय ते पेट्रोल, आणि त्यातही टाकीतलं कमी, कार्बोरेटरच्या खाली थोडं पेट्रोल साठवणारी वाटी असते तिच्यातलं जास्त. मी हे फार वाईट वेळी शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी आई तेव्हा घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या विजेच्या यंत्रावर होती. मिरगाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी वादळ आलं, गल्लीतलं कडुनिंबाचं झाड तारांवर पडलं आणि लाईट गेली. जनरेटर होता, टाकीत तीन लिटर पेट्रोल होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. चोक ओढला, दोरी ओढली. वीस वेळा, तीस वेळा. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर भरून ठेवलेला होता, त्यावर आईची रात्र निघाली. रात्रभर मी त्या सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसलो होतो.

सकाळी कॉटन मार्केटकडचा एक जुना मेकॅनिक आला. त्याने प्लग पाहिला, ठिणगी चांगली होती. मग कार्बोरेटरच्या खालचा बोल्ट सोडवून वाटी, म्हणजे ते लोक कटोरी म्हणतात ती, माझ्या तळहातावर ठेवली. तळाशी हिरवट-पिवळा चिकट थर, काकवी वाळल्यासारखा, आणि कडेला पांढरी भुकटी. वास पेट्रोलचा नव्हताच, जुन्या वार्निशचा होता. तो म्हणाला, "इंजन मस्त हाये भाऊ, पेट्रोल मेलं तुमचं." मग त्याने पायलट जेट, म्हणजे वाटीतलं पेट्रोल इंजिनाकडे सोडणारी बारीक पितळी नळी, काढून उजेडासमोर धरला. त्याचं भोक केसाएवढं असतं. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

हे होतं कसं ते समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, हलक्या-जड घटकांचं मिश्रण आहे. हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेट घेतं ते त्यांच्याच जोरावर. मागे उरलेलं जड पेट्रोल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून डिंकासारखं होतं. टाकीत तीन लिटर असतात, तिथे हे सावकाश होतं. वाटीत अर्धा कपसुद्धा पेट्रोल नसतं, आणि वाटी हवेला उघडी असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि जनरेटर पत्र्याच्या शेडमध्ये उभा असतो. मग त्या अर्ध्या कपाचं काय होणार?

त्यात आता पंपावर मिळतं ते पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून ओल शिरली, किंवा झाकण नीट न बसल्याने पाऊसच आत गेला, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात. माझ्या वाटीतली पांढरी भुकटी म्हणजे त्या ओलीने धातू खाल्ल्याची खूण होती. तपासायचं असेल तर टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन अर्धा तास सावलीत ठेवा. दोन थर दिसले तर ते पेट्रोल इंजिनात घालू नका.

आता माझी चूक, जी तुम्हीही करत असाल. लाईट आली की मी सरळ स्विचने इंजिन बंद करायचो. इंजिन थांबतं, पण वाटी भरलेली राहते. बंद करायची रीत वेगळी आहे. आधी घरातली सगळी उपकरणं जनरेटरवरून काढा, कारण शेवटी इंजिन गचके देतं आणि व्होल्टेज वरखाली होतं. मग पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन चालू राहू द्या. काही मिनिटांत ते आवाज बदलेल, दम लागल्यासारखं करेल आणि स्वतःच थांबेल. त्यानंतर स्विच बंद. इतकं केल्यावरही वाटीच्या बुडाशी चमचाभर पेट्रोल उरतं, कारण जेट त्या तळापर्यंत पोचत नाही. महिन्याभरात परत चालवणार असाल तर ते राहू द्या. जास्त दिवस ठेवायचा असेल तर इंजिन गार झाल्यावर वाटीच्या खाली बाजूला जो छोटा स्क्रू असतो तो सैल करून तेवढंही काढून टाका. मधला मोठा बोल्ट मात्र सोडू नका, तो वाटीच धरून ठेवतो.

टाकी भरून ठेवायची की रिकामी, यावर लोक वाद घालतात. आपल्या घरगुती वापराला मी लिटर-दीड लिटरच ठेवतो आणि दर दोन महिन्यांनी ते स्कूटरमध्ये ओततो, जनरेटरला ताजं घालतो. पेट्रोल शिळं होण्याआधीच असं फिरत राहतं, काही वाया जात नाही. सहा महिने हातच लावायचा नसेल तर टाकी पूर्ण रिकामी करा. पत्र्याची टाकी कोरडी राहिली की आतून गंजते, म्हणून थोडं इंजिन ऑइल आत घालून टाकी सगळीकडून हलवून घ्यावी. प्लग काढून इंजिनाच्या सिलिंडरमध्येही चमचाभर ऑइल टाकतात, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढतात आणि जिथे हाताला जड लागतं तिथे थांबवतात. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओल आत जात नाही.

पण खरं सांगू, जनरेटर ठेवून देण्यापेक्षा चालवत राहणं बरं. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वीस मिनिटं चालवतो, आणि रिकामा नाही, इस्त्री लावून. लोड असला की इंजिन नीट तापतं, ऑइलमधली ओल उडते, आणि लाईट खरंच येतेय हेही कळतं. चालवायचा तो अंगणात, उघड्यावर. जिन्याखाली, गॅरेजमध्ये किंवा खिडकीशी कधीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

तुमच्या आत्ताच्या मशीनचं असं करा. टाकी आणि वाटी पूर्ण रिकामी करा, ताजं पेट्रोल घाला, ऑइलची पातळी पाहा (बऱ्याच जनरेटरना ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो), मग चोक लावून दोरी ओढा. चोकवर चालतं पण चोक सोडला की बंद पडतं, किंवा लोड नसताना आवाज सारखा वरखाली होतो, असं असेल तर जेटमध्ये कचरा आहे. अशा वेळी कार्बोरेटर उघडून साफ करायला सांगा. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि कॉम्प्रेसरची हवा एवढं पुरतं. जेटमध्ये पिन किंवा सुई घालू देऊ नका. पितळ मऊ असतं, भोक जरा मोठं झालं की इंजिन कायमचं पेट्रोल पिऊ लागतं. अगदीच अडलं तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालेल. रबरी रिंगा आणि गॅस्केट आधी काढून घ्यायचे, स्प्रेने ते फुगतात.

उलटा प्रकारही होतो. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई, चिकटलीय. कॉक बंद करून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके टकटक करा, कधीकधी तेवढ्याने सुटते. पण सुरू करण्याआधी ऑइलची कांडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल तर आधी ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर नुकसान कार्बोरेटरच्या किमतीवर थांबणार नाही.

कार्बोरेटर बदलायचा तो दोनच कारणांनी. आतला धातू खाऊन खड्डे पडले असतील, किंवा दोनदा नीट साफ करूनही जेट मोकळा होत नसेल. मेकॅनिकला समोर वाटी उघडून दाखवायला सांगा, हे तुम्हाला स्वतःच दिसेल.

पेट्रोल साठवण्याबद्दलही विचारलं आहे. स्वतःच्या वापरासाठी 30 लिटरपर्यंत बिनपरवाना ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. कायद्यात धातूचं भांडं 25 लिटरपर्यंत आणि काचेचं 1 लिटरपर्यंत चालतं. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्या त्यात कुठेच नाहीत, तेव्हा जिन्याखालच्या त्या दोन बाटल्या आजच स्कूटरमध्ये रिकाम्या करा, पेट्रोलचा वास आंबट झाला नसेल तर. आंबट झालं असेल तर स्कूटरमध्येही नको आणि नालीत तर मुळीच नको. गॅरेजवाल्याला विचारा, सुटे भाग धुवायला तो ठेवून घेईल.