खांबाची सावली कुठे गेली?

प्रश्न : काका, माझी मुलगी कॉलेज सांभाळून एका परदेशी संस्थेसाठी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सुदानच्या दारफुर भागातल्या अत्याचारांचे व्हिडिओ बघत बसते. जागा-वेळ ओळखायला मिनार, दुकानांच्या पाट्या, सावल्या जुळवते. "हेगच्या कोर्टात कामी येईल," म्हणते. पैसा नाही, झोप नाही. इंदूरच्या पोरीने जुळवलेल्या सावल्यांना तिथे कोण विचारणार?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, सावल्यांना विचारतात. मी भोगलंय.

१९७९ साली राजवाड्याजवळ माझा स्टुडिओ होता. एका वकिलांना भांडणातल्या भिंतीचा फोटो हवा होता. काढला. भिंतीवर विजेच्या खांबाची सावली आडवी आली होती, ती मला खुपली. लग्नाच्या फोटोत नवरीच्या मुरुमांवर फिरवायचो तशी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली. साक्षीला उभा राहिलो, तर समोरच्या वकिलांनी भिंगातून प्रिंट पाहिली. "खांब दिसतोय, सावली कुठे गेली?" उन्हाची वेळ तिच्यावरूनच कळणार होती! भिंत खरी, पण फोटो बाद.

म्हणून लेकीला सांगा, मूळ फाइलला हात लावायचा नाही. उजळ करणं, बाण काढणं, सगळं नकलेवर. फाइल उतरवली की लगेच हॅश काढायचा. तो म्हणजे संगणकाने फाइलवरून काढलेला आकडा, तिच्या अंगठ्याचा ठसाच. एक ठिपका बदलला तरी आकडा पार वेगळा येतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या आपल्या साक्ष्य अधिनियमातही कलम ६३च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. लिंक, तारीख, वेळ, उतरवणाऱ्याचं नाव वहीत हवं. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ पुढे धाडू नये. तिथे तो आवळला जातो आणि कॅमेऱ्याने नोंदलेली वेळ-जागा गळते. उद्यावरही टाकू नये. २०१७मध्ये यूट्यूबच्या यंत्राने सीरियातले असंख्य व्हिडिओ हिंसक म्हणून काढून टाकले. काही नंतर परत आले, बाकीचे ज्यांनी आधी उतरवून ठेवले त्यांच्याकडेच उरले.

कोण विचारणार, म्हणता? २०१७मध्येच १५ ऑगस्टला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातला कमांडर महमूद अल-वरफल्ली याच्यावर वॉरंट काढलं. ३३ जणांच्या हत्येचा आरोप, आणि मोठा आधार फेसबुकसारख्या ठिकाणी टाकलेल्या व्हिडिओंचा. उघड माहितीवरून शोध घेणाऱ्या बेलिंगकॅट या गटाच्या मंडळींनी नंतर उपग्रहाच्या चित्रांशी ताडून त्यातल्या एका व्हिडिओची जागा हुडकली. खटला मात्र उभा राहिला नाही. २०२१मध्ये अल-वरफल्ली लिबियातल्याच बेनगाझी शहरात मारला गेला. तेव्हा निकालाची वाट बघत बसू नका.

एक गोष्ट मात्र तिने अजिबात करू नये : व्हिडिओत दिसणाऱ्या माणसाला शोधून "काय झालं हो?" विचारणं. हेगच्या न्यायालयातल्या अभियोक्त्यांच्या (खटला चालवणाऱ्या वकिलांच्या) कार्यालयाने आणि युरोजस्ट या युरोपीय संघाच्या न्याय-सहकार्य संस्थेने २०२२मध्ये संस्थांसाठी सूचना काढल्या, त्यांतही यावर भर आहे. माणूस तीच हकीकत चौघांना सांगतो, चारदा थोडी बदलते, आणि बचावाच्या वकिलाला तेवढंच पुरतं. शिवाय त्या माणसाचा जीव धोक्यात येतो तो वेगळाच.

राहता राहिली झोप. मुडदे रात्री दोन वाजता बघायचे नसतात. दिवसा, आवाज बंद करून, स्क्रीनवर व्हिडिओची चौकट लहान ठेवून बघावं. आणि अधूनमधून चहाच्या निमित्ताने तुम्ही खोलीत डोकवा. स्क्रीनकडे नाही, तिच्याकडे बघा.