कोटद्वारची मतं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर आलास आणि लगेच पंचायत समितीला उभं राहायचं म्हणतोस. राहा की. पण ‘फौजी माणसाला लोक मत देतातच’ हे तुला कुणी सांगितलं? मी ग्रामपंचायतीला अकरा मतांनी पडलो, तेव्हा बॅनरवर माझा फोटो युनिफॉर्ममधलाच होता, मेडलांसकट.

माझं सोड, मी सुभेदार. मेजर जनरल भुवनचंद्र खंडूरींचं बघ. लष्कराच्या आपल्या इंजिनिअर्स कोअरचेच, पुण्याच्या सीएमईत, म्हणजे लष्करी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. १९७१च्या लढाईत रेजिमेंटची कमान सांभाळलेली. फौज सोडल्यावर १९९१ला गढवालमधून लोकसभेवर गेले. पुढे वाजपेयींनी रस्त्यांचं खातं दिलं, आणि दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाचे ५,८४६ किलोमीटर त्यांच्या अंगावर आले. मुंबई-चेन्नईचा पदर आपल्या साताऱ्यावरूनच जातो. डेअरीला दूध घालायला जाताना रोज त्या पुलाखालून जातो मी. लोक टोलला शिव्या घालतात. रस्ता कुणाच्या काळात मार्गी लागला, ते कुणाच्या ध्यानात नाही.

२००७ला ते उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले. शिस्त फौजेतलीच. तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. पलटणीत ‘फॉल-इन’ म्हटलं की रांग लागते. आमदाराला म्हणून बघ! त्यांच्याच पक्षात कुरबुरी सुरू झाल्या. २००९च्या लोकसभेला राज्यातल्या पाचही जागा गेल्या आणि त्यांनी खुर्ची सोडली.

सप्टेंबर २०११मध्ये मुख्यमंत्रिपदासाठी भाजपला परत तेच आठवले. विधानसभेची निवडणूक चार-पाच महिन्यांवर आलेली. एवढ्या वेळात त्यांनी मुख्यमंत्र्यालाही चौकशीच्या कक्षेत आणणारं लोकायुक्त विधेयक मंजूर करून घेतलं. आपल्या राळेगणच्या अण्णांनी त्याचं कौतुक केलं. अण्णाही फौजीच, ड्रायव्हर होते. त्या विधेयकाप्रमाणे लोकायुक्त काही कधी बसला नाही, ती गोष्ट वेगळी.

‘खंडूरी है जरूरी’ अशी घोषणा होती. निकाल लागला: काँग्रेस ३२, भाजप ३१. एका जागेनं मागं. आणि कोटद्वारमधून खुद्द खंडूरी साडेचार हजारांवर मतांनी पडलेले. ज्याच्या नावावर राज्यभर मतं मागितली, त्यालाच त्याच्या मतदारसंघानं घरी बसवलं. तिथल्या भाऊबंदकीचे, पक्षातल्या पाडापाडीचे नाना किस्से सांगतात लोक. मी तिथं नव्हतो. पण एवढं मला कळतं की राज्य सांभाळणाऱ्या माणसाला कोटद्वारच्या दारोदार जाऊन बसायला वेळ कुठून मिळणार? समोरचा उमेदवार तिथलाच, आधी निवडून आलेला. (दहा वर्षांनी खंडूरींच्या लेकीनं तिथंच त्याच माणसाला हरवलं. घराणेशाही म्हण, नाहीतर वसुली म्हण.)

हे वाचून तू घाबरशील, म्हणून पुढचंही सांगतो. पडल्यावरही २०१४ला ते लोकसभेवर गेले, संरक्षण खात्याच्या स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. २०१८च्या मार्चमध्ये समितीचा अहवाल आला: फौजेची ६८ टक्के सामग्री जुनाट. सरकार त्यांच्याच पक्षाचं. सप्टेंबरात अध्यक्षपद गेलं. कशामुळं गेलं, त्याचा तर्क तूच कर. मला मात्र ते अध्यक्षपद गेलेले खंडूरी मुख्यमंत्री खंडूरींपेक्षा मोठे वाटतात. बंकरमध्ये बसलेल्या पोराच्या हातात काय आहे, हे दिल्लीत बोलणारं कुणीतरी पाहिजेच.

तुझ्या गणात अजून ती वेळ यायची आहे. तिथं आधी रेशनकार्डावरचं नाव, विहिरीची वाट, तलाठ्याकडचा फेरफार. बॅनर छापायला टाकू नकोस. रविवारी मतदारयादी घेऊन ये. सतरा वर्षांत सुट्टीवर आलास तेव्हा ज्या घरांचा उंबरा कधी ओलांडला नाहीस, दहाव्यालासुद्धा गेला नाहीस, त्यांच्यापुढं पेन्सिलनं फुली मारून आण. चहा इथंच घेऊ.

तुझा,
सुभेदार काका