ट्रेंडिंग पॉडकास्ट शोधताय? आधी एवढं करा

पहिलं, देश तपासा. अ‍ॅपल पॉडकास्ट्सचे चार्ट देशागणिक वेगळे असतात; देश अमेरिका असेल तर तिथलेच कार्यक्रम वर दिसणार. भारत निवडा, मग विषय. स्पॉटिफायच्या चार्टलाही हेच लागू.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे वरचा क्रमांक पाहून ‘सगळ्यात जास्त श्रोते’ असं समजणं. अ‍ॅपलच्या क्रमवारीत ऐकणं, फॉलो आणि भाग पूर्ण ऐकण्याचं प्रमाण धरलं जातं. त्यामुळे अचानक फॉलो वाढलेला नवा कार्यक्रम वर चढतो आणि आठवड्यात गायबही होतो. आज पहिली दहा नावं लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा. टिकलेलीच ऐका. ‘टॉप एपिसोड्स’ची यादी वेगळी, तिथे कधी कधी निव्वळ पाहुण्याच्या नावावर भाग चालतो.

मराठीसाठी चार्टवर विसंबू नका, तिथे हिंदी-इंग्रजीची गर्दी. शोधताना देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत टाइप करा.

गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, जुन्या याद्यांतले त्याचे दुवे सोडून द्या. सध्या घरच्या वायफायवर दोनच भाग डाउनलोड करा. बोरिवली ते चर्चगेट तेवढे पुरतात.