स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीतून करावं की पोट उघडून?

गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीकडे असेल तर दुर्बिणीतून करायला हरकत नाही. डोक्याकडे असेल, म्हणजे ते डोकं काढण्याचं ‘व्हिपल’ ऑपरेशन करायचं असेल, तर पोट उघडून केलेलंच जास्त भरवशाचं. हे युरोपातल्या चाचण्यांवरून सांगतोय. शेपटीकडच्या ऑपरेशनांच्या ‘लेपर्ड’ चाचणीत दुर्बिणीवाले रुग्ण साधारण ४ दिवसांत सावरले, पोट उघडलेले ६ दिवसांत. २०२३च्या ‘डिप्लोमा’ चाचणीत कॅन्सर पूर्ण निघण्यातही दुर्बीण कमी पडली नाही. व्हिपलचं तसं नाही. त्यात काढायचं ते काढून झाल्यावर आतडं स्वादुपिंडाला, पित्तनलिकेला आणि जठराला पुन्हा जोडावं लागतं, आणि स्वादुपिंडाचा जोड गळला तर जिवावर बेततं. नेदरलँड्सच्या ‘लेपर्ड-२’मध्ये दुर्बिणीच्या गटातले ५० पैकी ५ जण ९० दिवसांत गुंतागुंतीमुळे दगावले, दुसऱ्या गटातला ४९ पैकी १. आकडे लहान आहेत, फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही, तरीही सुरक्षिततेसाठी चाचणी मध्येच थांबवली गेली. मात्र सर्जनचा हात किती बसलेला आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. म्हणून डॉक्टरांना न संकोचता विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, त्यातली दुर्बिणीतून किती, आणि गळती किती जणांना झाली?