ईमेल गेटवे (येणारे-जाणारे मेल ज्यातून जातात तो सर्व्हर) टाकण्याआधी पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का, ही चाचणी) लागलं, तेवढं पुरे का?

नाही भाऊ. पिंगवरून मशीन चालू आहे एवढंच कळतं. मेल जातो टीसीपी पोर्ट २५ वरून, म्हणजे सर्व्हरवर मेलसाठी ठरलेल्या दारातून. गेटवे ज्या सर्व्हरवर बसवणार, तिथूनच टेलनेट (हव्या त्या पोर्टला जोडून बघायची कमांड) करा: आधी आतल्या मेल सर्व्हरच्या २५ वर, मग बाहेरच्या एखाद्या डोमेनच्या एमएक्सवर, म्हणजे त्या डोमेनचे मेल घेणाऱ्या सर्व्हरच्या २५ वर. '२२०' ने सुरू होणारी ओळ आली की 'ईएचएलओ' (EHLO, मेल सर्व्हरला आपली ओळख सांगायची कमांड) आणि आपलं डोमेन टाका, उत्तरात '२५०' दिसलं पाहिजे. नुसतं अडकून राहिलं तर फायरवॉल बघा. आमच्या धंतोलीच्या ऑफिसात मात्र इंटरनेटवाल्यानेच बाहेर जाणारा २५ बंद ठेवला होता, आणि आम्ही अर्धा दिवस फायरवॉलच उकरत बसलो! म्हणून इंटरनेटवाल्याला फोन करून २५ चालू आहे का ते विचारा, आणि त्याच फोनवर स्थिर आयपीची रिव्हर्स डीएनएस नोंदही (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी) मागून घ्या. ती नसली तर बरेच सर्व्हर मेल घेत नाहीत.