कवटीचे ‘टाके’ की कवटीच्या ‘शिवणी’?

प्रश्न असा आला आहे : बाळाच्या तपासणीचा अहवाल मराठीत लिहिताना ‘सूचर्स’साठी, म्हणजे कवटीची हाडे जिथे एकमेकांना जुळतात त्या रेघांसाठी, ‘कवटीचे टाके’ म्हटले तर चालेल का? कोशांत सीवनी, सेवनी आणि सीमंत असे तीन शब्द सापडतात, त्यांतला कोणता घ्यावा?

‘टाके’ नकोतच. टाका कुणीतरी घातलेला असतो आणि बहुधा पुढे काढायचाही असतो. ‘बाळाच्या कवटीचे टाके रुंद आहेत’ हे वाक्य वाचून घरातली आजी आधी विचारेल, ऑपरेशन कधी झालं? इंग्रजीत जखमेचा टाका आणि हाडांमधली नागमोडी रेघ या दोन्हींना ‘सूचर’च म्हणतात, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच शिवण. आपल्याकडे दोन वेगळे शब्द असताना तो घोळ उसना कशाला आणायचा? रोजच्या लेखनात मी ‘शिवण’ लिहीन (अनेकवचन ‘शिवणी’) आणि पाठ्यपुस्तकात ‘सीवनी’.

आणि ही कल्पना लॅटिनमधून आणावी लागत नाही. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, शरीररचनेच्या भागात (शारीरस्थानात), सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. डोक्याच्या आणि कमरेच्या चपट्या हाडांमधल्या सांध्याचे तिथले नाव आहे ‘तुन्नसेवनी’. ‘तुन्न’ हे ‘तुद्’ म्हणजे टोचणे या धातूवरून आलेले, आणि अमरकोशात ‘तुन्नवाय’ म्हणजे शिंपी. कवटीची मागची शिवण नीट पाहिली की या नावाला दाद द्यावीशी वाटते : एका हाडाचे दाते दुसऱ्याच्या खाचांत इतके गुंतलेले असतात की जुन्या धोतराला कुणी बारीक रफू केलाय असे वाटावे. या शिवणीत कधीकधी सुटी छोटी हाडेही सापडतात. 17व्या शतकातल्या ओले वर्म या डॅनिश वैद्याच्या नावावरून त्यांना वर्मियन हाडे म्हणतात.

मग सुश्रुताचाच ‘सेवनी’ का घेऊ नये? व्याकरणाची काही अडचण नाही. ‘सिव्’ धातूपासून सेवन आणि सीवन ही दोन्ही रूपे होतात. अडचण मराठीची आहे. आपल्याकडे ‘सेवन’ म्हटले की औषध नाहीतर मद्य आठवते, सुईदोरा नव्हे. शिवाय सुश्रुताच्या एकूण सात सेवनींपैकी डोक्यात पाचच. उरलेल्या दोन जिभेला आणि शिश्नाला, आणि या सातही ठिकाणी शस्त्र लावू नये असा इशारा दिलेला आहे. म्हणजे नुसते ‘सेवनी’ म्हटले तर जाणकार विचारणारच, कुठली?

‘सीमंत’ हा तिघांतला सर्वांत देखणा शब्द, पण अहवालात मी तो वापरणार नाही. डोक्यातल्या याच पाच सांध्यांना सुश्रुत मर्मांच्या प्रकरणात सीमंत म्हणतो. तिथे इजा झाली तर उन्माद, भय, चित्तनाश आणि मृत्यू, असे त्याचे म्हणणे. मात्र हाडांच्या प्रकरणात तोच शब्द तो शरीरभरच्या चौदा ठिकाणांसाठी योजतो. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला संदर्भावरून ते कळते, बाळाच्या आईला कळणार नाही. तिला सीमंत म्हणजे केसांचा भांग, किंवा सीमंतोन्नयन हा गरोदरपणातला संस्कार. गंमत म्हणजे मधला भांग पाडला तर तो डोक्यावरच्या मधल्या शिवणीच्या जवळजवळ बरोबर वर येतो. (लग्नपत्रिकांत छापतात त्या ‘सीमंतपूजना’चा याच्याशी संबंध नाही. वराचे स्वागत गावाच्या सीमेवर व्हायचे, म्हणून ते सीमांतपूजन. ‘श्रीमंतपूजन’ हे आणखी पुढचे पाऊल.)

‘सांधा’ म्हटले तर शास्त्राने चूक नाही, पण मराठी माणसाला सांधा म्हटले की गुडघा दिसतो, हलणारा आणि दुखणारा. मोठ्यांच्या कवटीतले सांधे हलत नाहीत. अपवाद खालच्या जबड्याचा.

‘शिवण’ घेतली की क्रियापदांचीही सोय होते. तान्ह्या बाळाच्या शिवणी मोकळ्या असतात, म्हणूनच जन्मताना हाडे किंचित एकमेकांवर सरकू शकतात. कवटीच्या आतला दाब वाढून त्या फाकल्या तर ‘शिवणी उसवल्या’ म्हणता येते. एखादी वेळेआधीच बंद झाली आणि डोक्याचा आकार बिघडू लागला, तर ती ‘अकाली मिटली’. टाळूसाठी मात्र घरातलेच क्रियापद ठेवा : टाळू भरते. पुढची बहुधा दीड ते दोन वर्षांत, मागची दोन-तीन महिन्यांतच. फक्त टाळू म्हणजे तोंडातलाही भाग, म्हणून अहवालात ‘डोक्याची टाळू’ असे एकदा स्पष्ट लिहावे.

तेव्हा तुमच्या अहवालातले वाक्य मी असे लिहीन : ‘डोक्याची पुढची टाळू सपाट व मऊ, कवटीच्या शिवणी मोकळ्या, वयाला साजेशा रुंदीच्या.’